धाव आणि धावपट्टी : आपल्या चिकलठाण्याची गोष्ट



आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होताहेत. स्मरणिकेसाठी ‘परिसराचा इतिहास’ या विषयावर तुम्हीच लिहा, असं सचिवांनी सांगितलं तेव्हा मी आधी हात जोडले. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढली. आलेला माल मोजून घ्यायचा, गेलेला नोंदवायचा आणि मार्चअखेर शिल्लक जुळवायची, एवढंच मला येतं. सचिव म्हणाले, “काका, मग तेच करा. काय आलं, काय गेलं आणि काय शिल्लक आहे, तेवढं लिहा.” म्हणून हे धाडस.

खरं कारण मात्र वेगळं आहे. मागच्या वर्षी बी विंगमधली एक छोकरी वही घेऊन माझ्याकडे आली. शाळेत ‘माझ्या परिसराचा इतिहास’ असा प्रकल्प होता. वर्गातल्या सगळ्या मुलांनी बीबी का मकबरा आणि पाणचक्की लिहून आणली होती. तिने विचारलं, “आजोबा, आपल्याकडे काहीच इतिहास नाही का?” मला पटकन काही सांगता आलं नाही. घरी येऊन विचार केला, तेव्हा लक्षात आलं की आपणच तो कधी सांगितला नाही. कुठे राहता असं कुणी विचारलं, तर आपण “एअरपोर्टजवळ” म्हणतो, “प्रोझोनच्या अलीकडे” म्हणतो, नाहीतर सरळ “सिडकोकडे” म्हणून मोकळे होतो. ‘चिकलठाणा’ हे नाव फक्त लाइटबिलावर आणि सातबाऱ्यावर उरलंय.

दरवाजाबाहेरचा रस्ता

शहराचा इतिहास आपल्याला पाठ आहे, पण उजळणी म्हणून थोडक्यात सांगतो. खाम नदीकाठी खडकी नावाचं खेडं होतं. मलिक अंबरने १६१० मध्ये तिथे निजामशाहीची राजधानी वसवली. १६२६ मध्ये तो वारला. त्याचा मुलगा फतेहखान याच्या नावावरून शहराला फतेहनगर म्हणू लागले. पुढे १६५३ मध्ये शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि औरंगाबाद हे नाव पडलं. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झालं. चार शतकांत चार नावं. आपल्या चिकलठाण्याचं नाव मात्र तेच राहिलं, कारण ते बदलावं इतकी आपली कुणी दखलच घेतली नाही!

मलिक अंबर म्हटलं की आपल्याला लढाया आणि गनिमी कावा आठवतो. त्याची दोन कामं मात्र लढाईपेक्षा मोठी आहेत, असं माझ्यासारख्या हिशेबी माणसाला वाटतं. पहिलं काम जमीन मोजण्याचं. जमिनीचा कस बघून तिची प्रतवारी लावायची आणि त्याप्रमाणे सारा ठरवायचा, ही पद्धत त्याने बसवली. दुसरं काम पाण्याचं. डोंगराकडचं भूगर्भातलं पाणी खापरी नळांतून, निव्वळ उताराच्या जोरावर, शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. ना पंप, ना वीज. पुढे १७४४ च्या सुमाराची पाणचक्कीही त्याच विद्येवर फिरू लागली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून येतं आणि वरून पडून दगडी जातं फिरवतं. त्या पाण्यावर दर्ग्यातल्या लोकांचं पीठ दळलं जायचं.

शहराला तटबंदी होती आणि चार दिशांना चार मोठे दरवाजे. उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मक्का आणि पूर्वेला जालना दरवाजा. आपली गोष्ट या चौथ्या दरवाजाबाहेर सुरू होते. त्याच्यातून निघणारा रस्ता जालन्याला जायचा. जालना म्हणजे व्यापारी पेठ. “जालना सोने का पालना” ही म्हण आपल्याकडे म्हातारी माणसं अजून सांगतात. त्या पेठेकडे निघालेला माल आणि माणसं शहराबाहेर पडली की अडीच-तीन कोसांवर जे गाव लागायचं, ते चिकलठाणा.

नहरीचं पाणी शहरासाठी होतं, तटाबाहेरच्या या गावाला त्याचा काय उपयोग? आपल्याकडे होती सुखना नदी आणि होत्या विहिरी.

चिखल, वावर आणि मोट

गावाच्या नावाचा अर्थ शोधायला मोठा अभ्यास लागत नाही. ज्यांनी १९८० च्या आसपास जून-जुलैत इथली काळी जमीन पायी तुडवली आहे, त्यांना ‘चिखल’ आणि ‘ठाणं’ हे दोन शब्द आपोआप कळतात. मी १९८३ साली परभणीकडून नोकरीसाठी आलो. मुकुंदवाडीत भाड्याची एक खोली घेतली. सायकलवरून कंपनीत जाताना पावसाळ्यात चप्पल हातात आणि सायकल खांद्यावर, अशी स्थिती व्हायची. आताची मुलं चारचाकीत बसून ट्रॅफिकला शिव्या देतात. आम्ही चिखलाला द्यायचो.

ही जमीन मात्र सोन्यासारखी. ज्वारी, बाजरी, तूर, कापूस. विहिरीला पाणी असलं तर भाजीपाला, तोही शहराच्या बाजाराजवळचा. आपल्या सोसायटीच्या जागेवरही असाच मळा होता. त्याबद्दल पुढे लिहितोच. इथे फक्त एक शब्द सांगून ठेवतो, कारण तो नव्या पिढीला ठाऊक नसेल. मोटेने पाणी काढायचं तर विहिरीच्या काठावर थारोळं असायचं, म्हणजे मोट ओतायचा दगडी हौद. त्यापासून मागे उतरता मातीचा रस्ता असायचा. बैल त्या उतारावरून खाली चालत गेले की नाडा ओढला जायचा आणि मोट वर यायची. या उताराला म्हणतात ‘धाव’. दिवसभर बैल त्याच धावेवरून खाली जायचे आणि उलट पावली वर यायचे.

१९०० साली हैदराबाद संस्थानाच्या काळात मनमाडकडून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे आली. चिकलठाण्याचं आणि मुकुंदवाडीचं स्टेशन आज त्याच मार्गावर आहे. ही लाइन ब्रॉडगेज व्हायला १९९० चं दशक उजाडलं. मधल्या काळात संस्थान गेलं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. वावरातल्या माणसाला सरकार बदललेलं कळायचं ते तलाठ्याच्या तोंडून.

कारखाने आणि सिडको

मग आला माल. स्टोअरच्या भाषेत सांगायचं तर मोठी आवक.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्याच दशकात रेल्वे स्टेशन व चिकलठाणा इथे औद्योगिक वसाहती आखल्या गेल्या. वाळूजचं नाव व्हायच्या कितीतरी आधी चिकलठाण्याचे भोंगे वाजत होते. बजाजचा कारखाना वाळूजला आला तो १९८५ मध्ये. आमच्या काळात तीन पाळ्यांचे तीन भोंगे व्हायचे आणि मुकुंदवाडीतल्या बायका त्यावर कुकर लावायच्या. परभणी, बीड, जालना, नांदेड, बुलढाणा, कुठून कुठून पोरं आली. आजच्या आपल्या चोवीस सभासदांपैकी सतरा जण एमआयडीसीच्या भाकरीवर उभे राहिले आहेत, हे मी रजिस्टर बघून सांगतो.

माणसं आली की घरं लागतात. सिडकोची स्थापना १९७० ची. १९७२ मध्ये सरकारने नवीन औरंगाबाद वसवण्याचं काम तिच्याकडे दिलं. एन-१, एन-२ करत सेक्टर उठले. तोवर जुन्या शहराबाहेर राहणं म्हणजे रानात राहणं होतं. सिडकोने आखीव रस्ते दिले, बागा दिल्या, शाळांसाठी जागा सोडल्या. १९८२ च्या डिसेंबरात महानगरपालिका झाली. चिकलठाणा, मुकुंदवाडी ही गावं होता होता शहराचे वॉर्ड बनली. २००६ मध्ये सिडकोच्या वसाहती महापालिकेकडे गेल्या.

आवक झाली की जावकही होते. एमआयडीसीसाठी जमीन गेली, सिडकोसाठी गेली, रस्त्यासाठी गेली. सुखनेचं पाणी गेलं. नदी वाहते आहे, पण तिच्या काठावर आता कुणी हात-पाय धुवायला जात नाही. तिच्यात जे मिसळलं त्यात आमच्या औद्योगिक वसाहतीचा वाटा आहे, आणि त्या वसाहतीचा पगार मी एकतीस वर्षं घेतला आहे. म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवायचा अधिकार मला नाही.

विमानतळ

आपल्या गच्चीवरून दिसणारी धावपट्टी सुमारे ९,३०० फुटांची आहे. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही ठिकाणं १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. जगभरचे पर्यटक ती बघायला येऊ लागले आणि येताना आधी उतरायचे ते चिकलठाण्याच्या मातीवर. पण ‘चिकलठाणा’ हे गाव त्यातल्या किती जणांनी पाहिलं? उतरायचं, गाडीत बसायचं आणि वेरूळचा रस्ता धरायचा.

विमानतळाची एक आठवण या स्मरणिकेत आली नाही तर नोंद अपुरी राहील. २६ एप्रिल १९९३. दुपारी एकच्या सुमाराची वेळ. आम्ही डबे उघडून बसलो होतो. मोठा आवाज झाला आणि थोड्याच वेळात पूर्वेकडे काळ्या धुराचा लोट दिसला. मुंबईकडे निघालेलं विमान उड्डाण करताना धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गठाणींच्या ट्रकवर आदळलं, पुढे उच्च दाबाच्या वीजतारांना धडकून कोसळलं आणि पेटलं. विमानात ११८ जण होते. ५५ गेले, ६३ वाचले. त्या दिवशी कंपनीत दुसऱ्या पाळीला कुणी कुणाशी बोललं नाही. एकाच जागी कापसाचा ट्रक आणि बोइंग विमान, आमचा हा भाग तेव्हा नेमका कुठे उभा होता, ते या अपघातात दिसतं. शेत संपलं नव्हतं आणि शहर येऊन पोचलं होतं.

पुढे २००९ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं. आता धावपट्टी १२,००० फुटांपर्यंत वाढवायचा प्रस्ताव आहे. त्यासाठी चिकलठाणा, मुकुंदवाडी आणि मूर्तिजापूरच्या शिवारातली जमीन लागणार. आपल्याला मोठं विमान पाहिजे, लेकरं थेट घरी यायला पाहिजेत, त्यात चूक काही नाही. पण त्या शिवारातल्या माणसांनी घरावर मजला चढवावा की नाही, विहीर खोल करावी की नाही, हे ठरवताना किती वर्षं घालवली असतील, याचा विचार आपण करत नाही. मीही करत नव्हतो. तो करायला मला सातासमुद्रापार जावं लागलं.

हौन्स्लोमधले तीन महिने

माझी लेक लंडनच्या पश्चिमेला हौन्स्लो नावाच्या भागात राहते. २०२३ च्या उन्हाळ्यात नातवाच्या निमित्ताने आम्ही दोघं तिथे तीन महिने राहिलो. हीथ्रो विमानतळ अगदी लागून. दर दीड-दोन मिनिटाला डोक्यावरून विमान. पहिल्या रात्री सौ. म्हणाल्या, “अहो, आपण चिकलठाण्यातच आहोत की काय?” आजूबाजूला पंजाबी दुकानं, भाजीत मेथी-कोथिंबीर, त्यामुळे परकं असं वाटतच नव्हतं.

दुपारी करायचं काय, म्हणून मी तिथल्या ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. तिथे एक कपाट फक्त त्या भागाच्या इतिहासाचं होतं. इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, पण वेळच वेळ होता. काय सांगू, जसजसं वाचत गेलो तसतसं आपलंच गाव दिसू लागलं.

आपला जालना रस्ता, तसा त्यांचा बाथ रस्ता. लंडनबाहेर पडणाऱ्या घोडागाड्या त्या रस्त्याने जायच्या. वाटेत हौन्स्लोचं मोठं माळरान लागायचं आणि तिथे वाटमारे दबा धरून बसायचे. १७८४ मध्ये जनरल रॉय नावाच्या अधिकाऱ्याने त्याच माळरानावर सुमारे पाच मैलांची एक सरळ रेघ अतिशय काटेकोर मोजली. देशाच्या नकाशाची मोजणी त्या पायावर उभी राहिली. रेघेच्या दोन टोकांना खूण म्हणून तोफा उभ्या पुरल्या आहेत. त्यातली एक आज हीथ्रोच्या कुंपणालगतच्या रस्त्याकडेला आहे. त्याच माळरानावर आधी विमानतळ झाला आणि २५ ऑगस्ट १९१९ ला तिथून लंडन-पॅरिस अशी रोजची प्रवासी विमानसेवा सुरू झाली.

आणि हीथ्रो? मला वाटायचं हे विमानतळाचंच नाव. नाही. हीथ्रो हे एक खेडं होतं. फळबागा आणि भाजीमळ्यांचं. १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, लष्करी विमानतळासाठी म्हणून ती घरं आणि मळे घेतले आणि पाडले. १९४६ मध्ये तिथे नागरी विमानं उतरू लागली. गाव गेलं, नाव जगभर झालं. शेजारच्या हारमंड्सवर्थ गावात १४२६ सालचं धान्याचं एक प्रचंड लाकडी कोठार आहे, ते आजही जपलेलं आहे. मात्र तिसऱ्या धावपट्टीच्या प्रस्तावामुळे ते गाव वर्षानुवर्षं टांगणीला लागलं आहे. आपलं मूर्तिजापूर आणि त्यांचं हारमंड्सवर्थ, दोघांचं दुखणं एकच.

फरक एवढाच की त्यांनी लिहून ठेवलंय. गेलेल्या गावात कुणाचं घर कुठे होतं, कुणाची बाग कुठे होती, याच्या नोंदी आहेत. धान्याचं कोठार ते पाहुण्यांना दाखवतात. आपल्याकडे कोठार म्हटलं की पाडून काय बांधता येईल, हाच पहिला प्रश्न. हे मी त्यांचं कौतुक म्हणून लिहीत नाही. जमीन त्यांनीही घेतलीच की. पण जावक रजिस्टरला चढवली, एवढं खरं.

पाहुणे आले तर

इथे थोडा विसावा. स्मरणिकेचा उपयोगही व्हावा, म्हणून बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी एका दिवसाचा बेत देतो. त्यात आपल्या भागालाही जागा ठेवली आहे.

सकाळी लवकर औरंगाबाद लेणी. मकबऱ्यामागच्या डोंगरात आहेत. अजिंठा-वेरूळच्या नावापुढे या बौद्ध लेण्यांकडे कुणी फिरकत नाही, त्यामुळे शांतता मिळते आणि वरून सगळं शहर दिसतं. उतरताना सोनेरी महाल. मग बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्यासाठी मुलगा आझमशाह याने तो बांधवला. पाहुणे ताजमहालाशी तुलना करतील, करू द्या. त्यांना जाळीतून येणारा वारा आणि पाठीमागचा डोंगर दाखवा, मग बोलणं थांबतं. तिथून पाणचक्की, आणि वाटेत भडकल दरवाजा, मलिक अंबरच्या काळातला. दुपारी जुन्या शहरात नान-खलिया. शाकाहारी मंडळींना घरीच आणावं हे बरं.

संध्याकाळी आपल्याकडे या. सुखनेच्या पुलावर दोन मिनिटं थांबा. गरवारे क्रीडा संकुलात पोरं क्रिकेट खेळताना बघा. मिनी घाटी आणि मेल्ट्रॉनची इमारत बाहेरून का होईना दाखवा. २०२० च्या कोरोनात मिनी घाटीत आणि पुढे मेल्ट्रॉनमध्ये, जिथे कधीकाळी इलेक्ट्रॉनिक्सच्या उद्योगाची स्वप्नं होती, कोविड रुग्णालय उभं राहिलं. आपल्या सोसायटीतले चार जण तिथून बरे होऊन आले आणि एक आले नाहीत. हाही इतिहासच. पुढे शेंद्र्याकडे गेलात तर ऑरिक आणि समृद्धी महामार्ग. शेवटी आपल्या गच्चीवर चहा. संध्याकाळचं विमान उतरताना दिसलं की लहान पोरं अजूनही हात हलवतात.

आणि खाली उतरलात की मागच्या कोपऱ्यातली विहीर दाखवा. दाखवता येते आहे तोवर.

आपली विहीर

आता मूळ मुद्द्यावर येतो.

१९९९ मध्ये आपण जागा शोधत होतो. आपल्यापैकी कुणाला सिडकोची लॉटरी लागली नव्हती, कुणाचे हप्ते थकले होते. ही पाऊण एकर जागा ज्यांची होती त्यांना आपण सगळे आप्पा म्हणायचो. त्यांच्या वडिलांच्या काळी अकरा एकर होतं. एक तुकडा एमआयडीसीत गेला, एक रस्त्यात गेला, भावांच्या वाटण्या झाल्या. उरलं हे विहिरीचं वावर. सौदा ठरला त्या दिवशी कडब्याच्या गंजीपाशी बसून ते म्हणाले होते, “पहिली वावरं सरकारनं घेतली. हे मी इकलं. घेतल्याचं दुःख येगळं अन् इकल्याचं येगळं.” पोरीचं लग्न आणि थोरल्याचं आजारपण, या दोन गोष्टी नसत्या तर त्यांनी विकलं नसतं.

त्यांनी एकच गोष्ट मागितली. “हीर बुजवू नका.” आपण पाच-सहा जण होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी हातात हात दिला. खरेदीखतात मात्र ते लिहिलं नाही.

२००० मध्ये संस्थेची नोंदणी झाली. विमानतळ प्राधिकरणाचा उंचीचा ना-हरकत दाखला, एनए, बँक, सगळं करत २००२ च्या दसऱ्याला आपण राहायला आलो. सुरुवातीची पाच-सहा वर्षं आप्पा दिवाळीत यायचे, विहिरीच्या काठावर पणती लावायचे, चहा घेऊन जायचे. थारोळ्याचे दगड तेव्हा होते. धावेचा उतार कुंपणाच्या भिंतीपर्यंत ओळखू यायचा. नंतर तिथे आपण पेव्हर ब्लॉक बसवले. आप्पा २००९ मध्ये वारले.

विहिरीने आपल्याला काय दिलं, ते नोंदवतो. २०१२-१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१६ मध्ये, जेव्हा लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्या उन्हाळ्यात, पिण्यासाठी टँकर आला तरी वापरायचं पाणी या विहिरीने पुरवलं. पाणी पिण्याजोगं नाही, मे महिन्यात तळ दिसतो, हेही खरं. आपलं नळाचं पाणी जायकवाडीवरून येतं. धरणाची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते आणि लोकार्पण १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. एवढं मोठं धरण उशाला असून आपल्या घरात किती दिवसांनी पाणी येतं, ते इथे लिहायची गरज नाही. प्रत्येक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखांना गोल केलेला आहे.

२०१९ च्या सर्वसाधारण सभेत विहीर बुजवून सहा गाड्यांचं पार्किंग करायचा प्रस्ताव आला. चोवीस फ्लॅट, एकतीस गाड्या. अडचण खोटी नाही. लहान मुलं तिकडे खेळतात, कठडा पडलाय, डासांचा त्रास, हेही खोटं नाही. त्या प्रस्तावावर चौदा सह्या आहेत. नववी सही माझी आहे. मी तेव्हा आप्पांचं बोलणं विसरलो होतो असं नाही. कागदावर नसलेली नोंद ही नोंदच नाही, असं नोकरीने शिकवलं होतं, आणि ते मी सोयीने लागू केलं. नंतर कोरोना आला आणि प्रस्ताव राहून गेला. आता रौप्यमहोत्सवाच्या सुशोभीकरणात तो परत आला आहे.

लंडनहून परत आलो तेव्हा मुंबईहून विमानाने इथे उतरलो. रात्रीची वेळ. रिक्षा केली. रिक्षावाला पोरगा तीस-बत्तीसचा. पत्ता सांगितल्यावर तो आरशात बघून म्हणाला, “काका, हीर हाय ना अजून?” आप्पांचा नातू. त्याचं बालपण त्या धावेवर गेलं होतं. आता तो विमानतळाच्या फाटकापाशी गिऱ्हाइकाची वाट बघत उभा असतो. मी म्हणालो, “आहे.” भाडं त्याने घेतलं, पण नेहमीपेक्षा वीस रुपये कमी. पुढे काही विचारलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण फक्त प्रवासाचं नव्हतं.

शिल्लक

सभासदांनो, भावनेवर सभा चालत नाही, हे मला कळतं. म्हणून हिशेब देतो. आपल्या दोन्ही विंगच्या गच्च्या मिळून सहा हजार चौरस फूट भरतात, म्हणजे साधारण ५५७ चौरस मीटर. शहराचा सरासरी पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास. पंचमांश पाणी वाया गेलं असं धरलं, तरी वर्षाला तीन लाख लिटर पाणी गच्चीवरून विहिरीत सोडता येतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर. आज ते गटारात जातं. गच्चीचे पाइप विहिरीकडे वळवणं, मधे गाळणीची टाकी, गाळ उपसणं, कठडा आणि वरून भक्कम लोखंडी जाळी, एवढं काम आहे. डास आणि मुलांची काळजी दोन्ही मिटते. पार्किंगसाठी समोरच्या बाजूची बंद पडलेली कारंज्याची जागा मोकळी करता येते. तिथे सहा नाही, पण चार गाड्या बसतात. मी टेप लावून मोजलं आहे.

आणि एक छोटी पाटी. त्यावर ‘आप्पांची विहीर’ एवढं आणि खाली दोन ओळी, की इथे मळा होता, मोट चालायची आणि या जागेचं नाव चिकलठाणा. बी विंगमधल्या त्या छोकरीला पुढच्या वेळी मकबऱ्यापर्यंत जावं लागणार नाही.

चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने उताराच्या जोरावर शहराला पाणी दिलं. आपल्याला तर फक्त गच्चीवरून खाली आणायचं आहे.

सर्वसाधारण सभा येत्या महिन्यात आहे. तोवर प्रत्येकाने एकदा मागच्या कोपऱ्यात जाऊन विहिरीत डोकावून यावं, एवढीच विनंती. आणि २०१९ च्या प्रस्तावावरची माझी सही मी या लेखाद्वारे मागे घेत आहे, याची सचिवांनी इतिवृत्तात नोंद करावी. या वेळी कागदावर.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बी विंगमधला एक जुना सभासद